कानांवर हात

मराठीत 'कानांवर हात ठेवणे' म्हणजे 'मला काही ठाऊक नाही बुवा' म्हणून मोकळं होणं. मिनियापोलिसच्या मिसेस क्लार्क यांनी हे दोनदा केलं. पहिल्यांदा १९३१ साली, ज्यूरीत (आरोपी दोषी की निर्दोष हे एकमताने ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या मंडळात) निवड होताना, वाक्प्रचाराच्या अर्थाने. नंतर ज्यूरीच्या बंद खोलीत, अक्षरशः. बाकीचे अकरा जण समजवायला लागले की त्या दोन्ही हात कानांवर धरून बसत. पहिल्या प्रकारासाठी त्यांना सहा महिन्यांची कैद आणि हजार डॉलर दंड झाला. दुसऱ्यासाठी काहीच शिक्षा नव्हती, नसायलाच हवी होती. पण पहिला सिद्ध करायला दुसराच पुरावा म्हणून कोर्टापुढे आला. निवडीच्या वेळी खोटं बोलणाऱ्या ज्यूररला, म्हणजे ज्यूरीच्या सदस्याला, न्यायाधीशांनी शिक्षा करावी का, हा इथला प्रश्न, आणि माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

आधी ज्याच्यावर खटला होता तो माणूस. विल्बर फोशे न्यूयॉर्क राज्यातून मिनियापोलिसला आला आणि छोट्या छोट्या गावांतल्या वीज, गॅस, पाणी, टेलिफोन पुरवणाऱ्या कंपन्या विकत घेत सुटला. पैसा उभा करायची त्याची रीत अशी की विक्रेते दारोदार जाऊन शेअर्स विकत, आणि जुन्या भागधारकांना ठरलेला लाभांश वेळेवर मिळे. तो कुठून येतो हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की तो धंद्यातून नव्हे, नव्या भागधारकांच्या पैशातून येत होता. याची टोपी त्याला, त्याची टोपी याला. आपल्याकडे भिशी आणि चिटफंडात हात पोळलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

फोशेने मिनियापोलिसमध्ये ३२ मजल्यांचा मनोरा बांधला. वॉशिंग्टनच्या स्मारकासारखा वर निमुळता होत जाणारा, ४४७ फूट उंच, आणि माथ्यावर चारही बाजूंनी दिव्यांच्या अक्षरांत स्वतःचं आडनाव. १९२९ च्या ऑगस्टअखेर उद्घाटनाचा थाट उडाला. जॉन फिलिप सूझा हे त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले बँडमास्टर. त्यांच्याकडून खास या मनोऱ्यासाठी एक मार्च रचून घेतला, बिदागी २० हजार डॉलर. चेक वटला नाही. दोनच महिन्यांत, १ नोव्हेंबर १९२९ ला, फोशेचं साम्राज्य रिसीव्हरच्या, म्हणजे बुडालेली कंपनी सांभाळायला कोर्ट नेमतं त्या माणसाच्या, ताब्यात गेलं. सूझांनी सांगून टाकलं की पैसे मिळेपर्यंत हा मार्च वाजवायचा नाही.

त्याच १९२९ च्या उन्हाळ्यात मिसेस क्लार्क यांनी फोशेच्या कंपनीत दोन आठवडे नोकरी केली होती. टंकलेखन, लघुलेखनाची. दोनच आठवडे. शिवाय त्यांचे यजमान पूर्वी एका बँकेचे अध्यक्ष होते, आणि फोशेचे त्या बँकेशी व्यवहार होते.

१९३१ साली फोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांवर फेडरल कोर्टात टपालखात्याचा वापर करून फसवणूक केल्याचा खटला उभा राहिला. (ही अमेरिकेची खास युक्ती. शेअर विकण्यात लबाडी झाली की नाही हा तेव्हा राज्याचा विषय होता, पण त्यासाठी एक पत्र जरी पोस्टात टाकलं तरी प्रकरण केंद्राकडे.) ज्यूरीसाठी बोलावलेल्या लोकांत मिसेस क्लार्क यांचं नाव होतं.

ज्यूरी कशी निवडतात हे आपल्याकडे आता कुणाला पाहायला मिळत नाही, म्हणून थोडक्यात. मतदार यादीसारख्या याद्यांतून सामान्य नागरिकांना समन्स जातं. ते कोर्टात येऊन बसतात. मग न्यायाधीश, आणि परवानगी असेल तर वकीलही, एकेकाला प्रश्न विचारतात. काय काम करता? आरोपीला ओळखता का? त्याच्याशी कधी देणंघेणं? मनात काही ठरवून आला आहात का? उत्तरातून पक्षपात दिसला तर 'कारण देऊन' हरकत घेता येते, कितीही जणांवर. याखेरीज दोन्ही बाजूंना ठरावीक 'बिनकारणी' हरकती असतात. नुसता चेहरा आवडला नाही तरी घरी पाठवा. या सगळ्या चाळणीचा पाया एवढाच की समोरचा माणूस खरं बोलतोय. वकिलाच्या हातात दुसरं काहीही नसतं. सोयरीक जुळवताना निदान चार ठिकाणी चौकशी तरी करतात.

मिसेस क्लार्क यांना कामधंद्याचा अनुभव विचारला. त्यांनी कोणकोणती कामं केली ते सांगितलं. त्यात फोशेचं नाव आलं नाही. मन निःपक्षपाती आहे का, असं विचारलं, त्या 'हो' म्हणाल्या. पुरावा आणि कायदा यांवरच निर्णय देईन, असंही म्हणाल्या. निवड झाली.

इथे मला क्षणभर थांबावंसं वाटतं, कारण खोटं कुठे आहे ते पाहा. 'तुम्ही फोशेकडे काम केलंत का?' 'नाही.' असा सरळसोट संवाद झाला असता तर प्रश्नच नव्हता. पहिलं उत्तर गाळलेलं आहे, दुसरं मनातलं. यादीतलं एक नाव न सांगणं हे खोटं की विसर? आणि 'माझं मन मोकळं आहे' हे वाक्य खोटं असल्याचं कुणी कसं सिद्ध करायचं? वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, सुटायला अशीच फट पुरते. दोन आठवड्यांची नोकरी होती साहेब, लक्षात राहिली नाही.

फक्त, दोन वर्षांपूर्वी ज्याच्याकडे नोकरी केली, ज्याचं नाव गावातल्या सर्वांत उंच इमारतीवर दिव्यांनी लिहिलेलं आहे, आणि जो या क्षणी समोर आरोपी म्हणून बसला आहे, त्याच्या बाबतीत विसर पडतो यावर विश्वास ठेवायचा तर फार उदार मन हवं.

खटला आठवड्यांमागून आठवडे चालला. ज्यूरी विचारविनिमयासाठी आत गेली. अकरा जणांचं मत, दोषी. एकटीचं मत, निर्दोष. खल कित्येक दिवस चालला, एकमत होईना, आणि शेवटी न्यायाधीशांनी ज्यूरी बरखास्त केली. साक्षीदारांची ये-जा, हिशेबाच्या वह्या, बारा माणसांचा वेळ, सगळं पाण्यात. १९३२ साली फेरखटला झाला आणि त्यात फोशे व त्याचा सहकारी दोषी ठरून १५ वर्षांची शिक्षा झाली.

मिसेस क्लार्क यांच्यावर कोर्टाच्या अवमानाची फौजदारी कारवाई झाली. सुनावणीत त्यांच्या सोबतच्या ज्यूररांना बोलावून आत काय घडलं ते विचारण्यात आलं, आणि ते कानांवरचे हात तिथे बाहेर आले. शिक्षा झाली, अपील फेटाळलं गेलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. निकाल १३ मार्च १९३३ चा, लिहिणारे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो. (योगायोग असा की महामंदीत बंद ठेवलेल्या अमेरिकेतल्या बँका त्याच दिवशी पुन्हा उघडायला लागल्या.)

बचावाचे मुद्दे कच्चे नव्हते. पहिला मुद्दा असा की ज्यूरीसाठी आलेली व्यक्ती प्रश्नांना उत्तरं देते तेव्हा ती साक्षीदारासारखीच असते, आणि साक्षीदार नुसता खोटं बोलला म्हणून न्यायाधीश त्याला अवमानाखाली आत टाकू शकत नाही. तसं १९१९ साली याच न्यायालयाने सांगितलं होतं. आणि ते योग्यच होतं. नाहीतर प्रत्येक न्यायाधीश आपल्याला न पटणाऱ्या साक्षीदाराला 'खरं बोल, नाहीतर आत जा' म्हणून दरडावेल. खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा वेगळा खटला चालवा.

कार्डोझोंचं उत्तर वाचताना दाद द्यावीशी वाटते. त्यांचं म्हणणं असं की निवडीच्या वेळी प्रश्न विचारणारा न्यायाधीश पुरावा गोळा करत नसतो, तो कोर्ट उभारत असतो. खोटं बोलून आत शिरणारा ज्यूरर नावापुरताच ज्यूरर असतो, त्याचं नातं मुळापासूनच किडलेलं. हवा होता निःपक्ष निवाडा करणारा, घुसला एका बाजूचा कैवारी. आरोपीचा एखादा सगासोयरा वेष पालटून ज्यूरीच्या खोलीत जाऊन बसला असता तरी परिणाम हाच झाला असता. म्हणजे तो खटला पहिल्या दिवसापासूनच वांझ होता. साक्षीदाराचं खोटं उलटतपासणीत पकडता येतं, ते तोलायला न्यायाधीश आणि ज्यूरी बसलेलीच असते. पण तराजूच खोटा निघाला तर तोलायचं कशावर?

मात्र त्यांनी लगेच कुंपणही घातलं. लपवाछपवी किंवा चुकीचं उत्तर हा अवमान ठरेल तो त्याचा कल आणि हेतू न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा असेल तरच. दोन्ही हवेत. घाबरून, लाजून, गोंधळून किंवा खरोखर विसरून दिलेलं उत्तर यात बसत नाही. मला हा निकष अजूनही सगळ्यांत वापरण्याजोगा वाटतो. माणूस काय म्हणाला यापेक्षा, ते म्हणून त्याला कुठे पोहोचायचं होतं, हे तो विचारतो.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक होता. ज्यूरीच्या खोलीत काय बोललं गेलं ते गुप्त असतं. ते बाहेर काढून तुम्ही या बाईंना तुरुंगात पाठवताय. उद्या प्रत्येक वेगळं मत देणाऱ्याला ही भीती राहील.

यावर न्यायालयाने वकील आणि अशिलाच्या गुप्ततेचा दाखला दिला. अशील वकिलाशी बोलतो ते गुप्त. पण फसवणूक कशी करावी याचाच सल्ला घ्यायला कुणी वकिलाकडे गेला तर ती गुप्तता उडते. ज्यूरीचंही तसंच. नातं प्रामाणिकपणे जुळलेलं असेल तोवर पडदा. पण आधी दुसऱ्या पुराव्यांवरून प्रथमदर्शनी तरी दिसायला हवं की प्रवेशच फसवून झाला आहे. नुसत्या संशयावर आतलं बोलणं उकरता येणार नाही.

आणि मग त्यांनी बुशेलची आठवण करून दिली. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर बेकायदा जमावाचा खटला होता. (पेन म्हणजे पुढे ज्याच्या नावाने पेनसिल्व्हेनिया झालं तोच.) ज्यूरी त्यांना दोषी ठरवेना. अन्नपाणी आणि शेकोटी न देता डांबून ठेवलं, तरी बधली नाही. शेवटी न्यायाधीशांनी ज्यूररांनाच दंड केला, तो न भरल्याबद्दल तुरुंगात घातलं. त्यांच्यातला एडवर्ड बुशेल वरच्या कोर्टात गेला, आणि तिथे ठरलं की निकाल काय दिला यासाठी ज्यूररला शिक्षा करता येत नाही. कार्डोझोंनी लिहिलं की या तत्त्वाला आम्ही हात लावत नाही. मिसेस क्लार्क यांना शिक्षा त्यांच्या मतासाठी नाही, त्या दाराने कशा आत आल्या त्यासाठी आहे.

कागदावर हे भेद चोख आहेत. मला पटतातही. तरी निकाल पुन्हा वाचताना प्रत्येक वेळी एक गोष्ट खटकते. समजा मिसेस क्लार्क यांनी खोलीत शिरताच बाकीच्या अकरा जणांसोबत 'दोषी' म्हणून हात वर केला असता. खोटं तेच राहिलं असतं, तेवढंच आणि त्याच दिवशी बोललेलं. पण त्यांच्या नोकऱ्यांची यादी तपासायला कोण बसलं असतं? सरकारी पक्षाला खटला जिंकल्यावर ज्यूररचा भूतकाळ शोधायचं कारणच उरत नाही. म्हणजे शिक्षा खोट्याला होते हे खरं, पण खोटं शोधायला माणूस निघतो तो मताचा राग आल्यावर.

हा तर्क रचीव वाटत असेल तर अलीकडची उलटी उदाहरणं पाहा. २०११ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात करचुकवेगिरीच्या बनावट योजना विकणाऱ्या बड्या वकील-सल्लागारांचा खटला चालला, तीन महिने. ज्यूरर क्रमांक १ ही बाई निवडीच्या वेळी म्हणाली की ती गृहिणी आहे, शिक्षण पदवीपर्यंत. प्रत्यक्षात ती स्वतः वकील होती, सनद निलंबित झालेली. स्वतःच्या अटका लपवल्या, नवऱ्याच्या शिक्षा लपवल्या. निकाल लागल्यावर तिने सरकारी वकिलांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं आणि त्यातून धागा उलगडत गेला. चौकशीत तिने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. खरं सांगितलं असतं तर मला घेतलं नसतं, ज्यूरर म्हणून माझी 'बाजारात किंमत' वाढावी म्हणून तसं बोलले! मिसेस क्लार्क यांच्या दोन आठवड्यांपुढे हे खोटं म्हणजे दोन मजली इमारत. हिला शिक्षा काय? काहीच नाही. ती तोंड उघडायला तयार नव्हती, म्हणून तिची साक्ष तिच्याविरुद्ध वापरणार नाही असं अभय देऊन बोलतं केलं.

त्या वेळचे न्यायाधीश विल्यम पॉली यांच्यापुढे पर्याय तरी काय होता? आरोपींना फेरखटला द्यायचा की नाही हे ठरवायला तिच्या तोंडून सत्य हवं होतं. २०१२ मध्ये त्यांनी तीन आरोपींना फेरखटला दिला. चौथ्याला नाकारला, कारण त्याच्या वकिलांना ज्यूरर क्रमांक १ च्या खऱ्या ओळखीचा वास निकालाआधीच लागला होता आणि ते गप्प बसले. सुटलो तर उत्तम, नाहीतर हा हुकमी पत्ता आहेच, असा हिशेब न्यायाधीशांना दिसला. पुढे २०१५ मध्ये अपिलात त्या चौथ्याचीही शिक्षा रद्द झाली. पहिला मुख्य आरोपी फेरखटल्यात पुन्हा दोषी ठरला. थोडक्यात, खोटं बोलणारी घरी, आणि भुर्दंड सरकार, आरोपी, दुसरी बारा माणसं यांना.

अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाला हातभार लावल्याबद्दल घिलेन मॅक्सवेल या बाईवर झालेल्या खटल्यातला ज्यूरर क्रमांक ५० बऱ्याच जणांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये ती दोषी असल्याचा निकाल, आणि मग याने वार्ताहरांना सांगितलं की लहानपणी त्याचंही लैंगिक शोषण झालं होतं. निवडीच्या छापील प्रश्नावलीत ४८ व्या प्रश्नाला त्याने 'नाही' अशी खूण केली होती. त्यालाही अभय देऊन मार्च २०२२ मध्ये विचारलं. तो म्हणाला, प्रश्नावली घाईत चाळली, निवड होईल असं वाटलंच नव्हतं. न्यायाधीश अ‍ॅलिसन नेथन यांनी हे मानलं, फेरखटला नाकारला. इथे मला त्यांचा निर्णय चुकीचा म्हणवत नाही. अडथळा आणायचा हेतू दिसत नव्हता, आणि अनोळखी लोकांपुढे तसल्या प्रश्नावर माणूस गडबडतो हे समजायला कायदा लागत नाही.

पण तिन्ही एकत्र ठेवा. आरोपीला वाचवायला घुसलेली तुरुंगाच्या वाटेवर गेली. आरोपीला अडकवणाऱ्या निकालात सामील झालेल्या दोघांना अभय मिळालं. यामागे कुणाचा कट नाही, ही रचनाच अशी आहे. आरोपीविरुद्ध खोटं उघड झालं तर तो दाद मागतो, आणि दाद द्यायला त्या ज्यूररची साक्ष लागते. आरोपीच्या बाजूचं खोटं उघड झालं तर सरकारजवळ शिक्षेशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

त्यात २०१४ साली आणखी एक गाठ पडली. साउथ डाकोटात एका माणसाचा अपघातात पाय गेला होता, आणि भरपाईच्या दाव्यात ज्यूरीचा निकाल त्याच्याविरुद्ध लागला. ज्यूरीच्या प्रमुख बाईंनी आत बोलताना सांगितलं म्हणे की माझ्या मुलीकडून असाच अपघात झाला होता, तिच्यावर दावा पडला असता तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं असतं. निवडीच्या वेळी हे काही आलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की निकाल उलटवण्यासाठी आतल्या चर्चेचा पुरावा चालणार नाही, निवडीच्या वेळचं खोटं दाखवायलासुद्धा नाही. मिसेस क्लार्क यांच्याविरुद्ध मात्र आतलीच चर्चा वापरली होती. कायदेशीर उत्तर आहे, ते प्रकरण शिक्षेचं आणि हे निकाल रद्द करण्याचं. पण पाय गमावलेल्या माणसाला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे नाही याचं मला बरं वाटतं.

म्हणून न्यायाधीशांनी शिक्षा करावी का, या प्रश्नाला माझं उत्तर 'करावी, पण क्वचित' असं आहे. कल आणि हेतू, दोन्ही सिद्ध झाले तरच. प्रकरण खटला चालवणाऱ्या न्यायाधीशापुढे नव्हे, दुसऱ्यापुढे जावं, कारण ज्याचे आठवडे वाया गेले तो माणूस शांत डोक्याने बसत नाही. आणि तपासणी निवडीच्या वेळच्या उत्तरांपासून सुरू व्हावी, मतापासून नको. न्यूयॉर्कच्या त्या बाईसारख्या ठिकाणी तर मी म्हणेन की अभय द्या, सत्य काढून घ्या, पण तिच्या सनदीच्या आणि खर्चाच्या बाजूने हिशेब मोकळा ठेवा.

ज्यूरीतून सुटण्यासाठी खोटं बोलणारे, ही अगदी वेगळी जात. अमेरिकेत नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींना समन्स आलं की पहिला फोन 'कसं टाळता येईल' असाच जातो, आणि यात मराठी माणूस बाकीच्यांहून वेगळा नाही. डेन्व्हरमध्ये २०११ साली एक बाई केसांत कर्लर, विस्कटलेला मेकअप आणि दोन पायांत दोन वेगळी पायताणं अशी कोर्टात आली, मानसिक आजाराचं सांगून सुटली. काही महिन्यांनी रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून तिने ही फजिती मोठ्या कौतुकाने सांगितली. नेमक्या त्याच न्यायाधीशबाई तो कार्यक्रम ऐकत होत्या! खटला भरला गेला. पण हे खोटं कोर्टाला फार तर एका माणसाची वाण पाडतं. आत घुसायला बोललेलं खोटं अख्खा खटला नासवतं. दोघांना एकाच मापाने मोजणं मला मंजूर नाही.

आपल्या इतिहासात ज्यूरी आहे, पण ही प्रश्नोत्तरं नाहीत. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्यूरीत ६ युरोपियन आणि ३ हिंदी होते. निकाल ६ विरुद्ध ३. १९०८ साली ७ युरोपियन, २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. लेख मराठीतले, आणि ज्यूरी ते भाषांतरातून वाचणारी. तुमचं मन मोकळं आहे का, असं त्या सात जणांना कुणी खोदून विचारलं असतं तर ते बहुधा 'हो' म्हणाले असते, आणि खोटं बोलतोय असं त्यांना स्वतःला वाटलंही नसतं. खोटं पकडता येतं, पूर्वग्रह बहुतेकदा प्रामाणिक असतो. नानावटी खटल्यात १९५९ साली ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषचा कौल दिला आणि न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. आपल्याकडे न्यायाधीशाच्या हातात ही सोय होती. ज्यूरर खोटा, मूर्ख किंवा वर्तमानपत्र वाचून भारावलेला, काही असला तरी उपाय एकच. त्याच खटल्याने ज्यूरी लगेच बंद पडली असं सर्रास सांगतात, ते तितकंसं खरं नाही. शेवटचा पडदा पडला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आज ज्यूरीसारखं काही उरलं असेल तर ते पारशी विवाह न्यायालयातल्या 'डेलिगेट्स'मध्ये.

मिसेस क्लार्क तुरुंगात गेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयात हरल्यानंतर, शिक्षा भोगायला जायच्या आधीच, त्या, त्यांचे यजमान आणि दोन लहान मुलगे अशा चौघांचे मृतदेह त्यांच्या मोटारीत सापडले. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल वाक्यावाक्यांनी उद्धृत होतो, हा भाग बहुधा येत नाही. सहा महिन्यांची कैद ही कागदावर लहान शिक्षा. १९३३ सालच्या एका मध्यमवर्गीय घराला ती केवढी वाटली असेल, हे कोर्टरूममधून दिसत नाही. यावरून शिक्षा चुकीची होती असं मी म्हणत नाही. त्या घरात आणखी काय चाललं होतं, हे निकालपत्रात नसतं.

ज्याच्यासाठी त्यांनी कान झाकले तो विल्बर फोशे १९३४ साली लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला. अध्यक्ष रुझवेल्ट यांनी शिक्षा कमी केली आणि १९३७ मध्ये तो बाहेर आला. पंधरापैकी तीन वर्षं. पुढे कोलोरॅडोतल्या एका लहान गावात त्याने व्यापारी मंडळाचं काम पाहिलं, तिथे तो लोकप्रियही होता. १९४७ मध्ये ट्रुमन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. सूझांचा मार्च १९८८ साली पुन्हा वाजला, कुणीतरी ती जुनी बाकी चुकती केल्यावर. मनोऱ्यात आता हॉटेल आहे, आणि माथ्यावरची अक्षरं रात्री अजून पेटतात.